अल्पनत भ्रंशांचा वाद आणि सह्याद्रीच्या पायथ्याची साक्ष

कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या पश्चिमेस सुमारे ५० किलोमीटरांवर सह्याद्रीचा माथा अकस्मात संपतो आणि त्याच्या तळाशी कोकणची अरुंद पट्टी सुरू होते. आमच्या तालुक्याला पाणी देणाऱ्या दूधगंगा आणि वेदगंगा या दोन्ही नद्या त्या माथ्याच्या पूर्वेकडील अंगाला उगम पावतात आणि अरबी समुद्र इतका निकट असूनही त्याच्याकडे पाठ फिरवून कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघून जातात. हा कडा कशाने निर्माण झाला, या प्रश्नाला शाळांतील क्रमिक पुस्तकांनी दीर्घकाळ एकच उत्तर दिले : भूकवचात एक प्रचंड भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकण्याची भेग, पडला, त्याच्या पश्चिमेची भूमी खचून समुद्राखाली गेली आणि पूर्वेची भूमी कड्याच्या रूपाने उभी राहिली. उत्तर सोपे आहे आणि डोळ्यांना पटणारे आहे. परंतु भूशास्त्राच्या दप्तरात गेल्या शतकभरात जो पुरावा जमा झाला आहे, त्याच्याशी त्याची रुजवात घातली असता ते जसेच्या तसे टिकत नाही.

या स्थानिक प्रश्नाच्या मुळाशी एक व्यापक प्रश्न आहे. भूकवच ताणले गेले म्हणजे ते कोणत्या कोनात तुटते? उभ्या, तीव्र उताराच्या प्रतलांवर तुटते, की क्षितिजाशी ३० अंशांहूनही कमी कोन करणाऱ्या, जवळजवळ आडव्या प्रतलांवरून मैलोगणती सरकते? अशा मंद उताराच्या भ्रंशांना येथे अल्पनत भ्रंश म्हटले आहे. त्यांच्या अस्तित्वाविषयीचा वाद अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटी खोऱ्यांत पेटला. परंतु त्याचे पडसाद मुंबईच्या बंदरात, कोयनेच्या खोऱ्यात आणि कागलच्या दक्षिणेस पसरलेल्या कलादगीच्या प्राचीन खडकांत आज ऐकू येतात. या साऱ्या पुराव्याचे क्रमवार अवलोकन करून त्यातील सिद्ध किती आणि अनुमानित किती हे वेगळे करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वादाचे मूळ यंत्रशास्त्रात आहे. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ ई. एम. अँडरसन यांनी १९०५ साली असे प्रतिपादन केले की, भूपृष्ठावर केवळ हवा असल्यामुळे तेथे आडवे घासणारे बल टिकू शकत नाही, आणि म्हणून खडकांतील तीन प्रमुख प्रतिबलांपैकी, म्हणजे खडकावर पडणाऱ्या दाबांपैकी, एक उभ्या दिशेनेच असले पाहिजे. भूमी ताणली जात असता सर्वांत मोठे प्रतिबल म्हणजे वरच्या खडकांचा स्वतःचा भार; आणि अशा स्थितीत खडक सुमारे ६० अंशांच्या नतीने, म्हणजे क्षितिजाशी तेवढा कोन करून, तुटावा, असे गणित सांगते. पुढे १९७८ साली बायर्ली यांनी अनेक प्रकारच्या खडकांवरील प्रयोगांचे संकलन करून दाखविले की, घर्षणाचा गुणांक सामान्यतः ०.६ ते ०.८५ यांच्या दरम्यान राहतो. या दोन सिद्धांतांना एकत्र जोडले म्हणजे निष्कर्ष असा निघतो की, भ्रंशाची नती ३० अंशांच्या आसपास खाली आली की तो जखडला जातो आणि त्यावर पुढे सरकण्यापेक्षा खडकाला नवा, अधिक उभा भ्रंश पाडणे सुलभ होते. जॅक्सन आणि व्हाइट यांनी १९८९ साली भूखंडांवरील भूकंपांचा आढावा घेतला तेव्हा ताणामुळे होणारे मोठे भूकंप प्रायः ३० ते ६० अंशांच्या प्रतलांवरच घडलेले आढळले, आणि सिद्धांताची बाजू अधिकच भक्कम झाली.

परंतु वाळवंटातील खडकांची साक्ष याच्या उलट होती. नेव्हाडा, यूटा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या प्रदेशांत, जेथे भूकवच ताणले जाऊन एकाआड एक डोंगररांगा आणि खोरी यांची मालिका तयार झाली आहे, तेथे लाँगवेल यांनी १९४५ सालीच मंद उताराचे ताणभ्रंश नोंदविले होते. वनस्पतींचे आच्छादन नसल्यामुळे तेथील खडक उघडे आहेत, आणि व्हिपल पर्वतात किंवा स्नेक रांगेत जे दृश्य दिसते ते निःसंदिग्ध आहे : खाली अनेक किलोमीटर खोलीवर, उष्णतेत आणि दाबाखाली पिळवटून रेषांकित झालेला खडक, आणि त्याच्यावर, एका मंद उताराच्या प्रतलापलीकडे, भूपृष्ठालगत तुटून चुरा झालेले तरुण खडक. या दोहोंच्या मधले कित्येक किलोमीटर जाडीचे कवच नाहीसे झालेले असते. वेर्निके यांनी १९८१ साली आणि पुन्हा १९८५ साली या निरीक्षणांतून असे चित्र उभे केले की, भूकवच दोन्ही बाजूंनी समप्रमाणात पातळ होत नसून एकाच दीर्घ, तिरकस, मंद उताराच्या प्रतलावरून असमानपणे सरकते, आणि म्हणून ज्या जागी वरचा भाग ताणला जातो त्याच जागी खालचा भाग पातळ झालेला असेलच असे नाही. आमच्या किनाऱ्याचा विचार करताना या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

सिद्धांत आणि निरीक्षण यांच्या या विरोधातून मार्ग काढण्याचे तीन प्रयत्न मुख्य आहेत. पहिला असा की, हे भ्रंश मुळात तीव्र उताराचे होते आणि नंतर आडवे झाले. फळीवर एका बाजूला कलंडलेल्या ग्रंथांप्रमाणे भ्रंशांनी तुटलेले खंड फिरत जातात तेव्हा त्यांच्यामधील प्रतलेही लवतात, किंवा बक यांनी १९८८ साली मांडल्याप्रमाणे भार कमी झालेला खालचा खडक वर उचलला जाऊन भ्रंशाचा वरचा भाग वाकून आडवा होतो. दुसरा असा की, भ्रंशप्रतलावर चिकणमातीसारखी किंवा शंखजिऱ्यासारखी दुर्बळ खनिजे असल्यास घर्षण फार कमी होते; इटलीतील एल्बा बेटावरच्या झुक्काले भ्रंशात कोलेत्तिनी आणि सहकाऱ्यांना तसेच शंखजिरे सापडले. तिसरा असा की, भ्रंशातील द्रवांचा दाब वाढून वरचा भार अंशतः तोलला जातो. इटलीच्याच अंब्रिया प्रांतातील आल्तो तिबेरिना भ्रंश १५ ते २० अंशांच्या नतीने आजही हळूहळू सरकत असून त्यावर सूक्ष्म भूकंपांची रांग नोंदविली गेली आहे. त्यामुळे असे भ्रंश सरकूच शकत नाहीत असे आता कोणी आग्रहाने म्हणत नाही. प्रश्न उरला तो एवढाच की, एखाद्या विवक्षित जागी असा भ्रंश आहे हे कशावरून ठरवावे.

या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण यूटा राज्यातील सेव्हियर वाळवंटाचे आहे. तेथे तेलसंशोधनासाठी घेतलेल्या भूकंपीय परावर्तनांच्या, म्हणजे जमिनीखालील थरांवरून परतणाऱ्या कंपलहरींतून काढलेल्या, छेदांत सुमारे ११ अंशांच्या नतीची एक ठळक रेषा जमिनीखाली पश्चिमेकडे दूरवर उतरत जाताना दिसते. बहुसंख्य अभ्यासकांनी तिला अल्पनत भ्रंश मानले आणि तिच्या आधारावर भूमी कित्येक किलोमीटर ताणली गेल्याचा हिशेब मांडला. परंतु अँडर्स आणि क्रिस्टी-ब्लिक यांनी १९९४ साली त्या रेषेला छेदून गेलेल्या विहिरींमधील खडकांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, आणि भ्रंशाजवळ खडकांत जी भंगांची दाटी आढळावयास हवी ती त्यांना आढळली नाही. त्यांच्या मते ती रेषा म्हणजे भ्रंश नसून विसंगती होती, म्हणजे जुन्या झिजलेल्या पृष्ठभागावर नवा गाळ बसल्याने उत्पन्न झालेली सीमा. प्रतिपक्षाने विहिरींतून मिळालेले नमुने अपुरे असल्याची हरकत घेतली, आणि वाद पुढे चालू राहिला. छेदावर उमटलेली रेषा कितीही ठळक असली, तरी ती कशाची रेषा आहे हे ती स्वतः सांगत नाही. ते खडकालाच विचारावे लागते, हा या वादाचा धडा आहे.

आता हाच निकष आपल्या मुलखाला लावू. प्रथम सह्याद्रीचा कडा. तो खचलेल्या भूमीची धार असता, तर माथ्यावरील बेसॉल्टचे थर आणि कोकणातील थर यांच्यात कड्याच्या रेषेवर कित्येक शे मीटरांचा खंड पडलेला दिसला असता. प्रत्यक्षात घाटांच्या तुटक भिंतींत लाव्ह्याचे थर क्षितिजसमांतर, एकावर एक, अखंड रचलेले आहेत आणि कोकणातील खालचे थर त्याच रचनेचा पाया आहेत. ऑलियर आणि पोवार यांच्या १९८५ सालच्या लेखनात, तसेच गनेल आणि राधाकृष्ण यांनी संपादित करून २००१ साली भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने प्रकाशित केलेल्या सह्याद्रीविषयक द्विखंडी ग्रंथात, या कड्याचा विचार प्रामुख्याने झीज होऊन मागे सरकत गेलेल्या महाकड्याच्या अंगाने झाला आहे. विडोसन आणि कॉक्स यांनी १९९६ साली जांभ्याची साक्ष काढली : पन्हाळ्यासारख्या उंच पठारांवरील जांभा आणि रत्नागिरीच्या सखल सड्यांवरील जांभा हे एकाच पृष्ठाचे दोन खचलेले तुकडे नसून निरनिराळ्या काळी तयार झालेली दोन पृष्ठे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कडा मुळात किनाऱ्याकडील ताणाने जन्मला असेल. परंतु आज तो जेथे उभा आहे तेथे त्याला पावसाने आणि नद्यांनी आणून ठेवले आहे. क्रमिक पुस्तकांतील उत्तराचा फैसला येथेच होतो.

मग ताणाचा पुरावा कोठे आहे? तो कड्यात नसून किनाऱ्यालगत, पनवेलच्या वाकात आहे. घाटमाथ्यावर जे लाव्ह्याचे थर जेमतेम एखाद्या अंशाने कललेले असतात, तेच मुंबई, पनवेल आणि अलिबागच्या परिसरात एकाएकी पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने स्पष्ट उताराने झुकू लागतात, आणि हा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे १५० किलोमीटर चालतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील जे. बी. ऑडन यांनी १९४९ साली पश्चिम भारतातील भित्तींचा, म्हणजे खडकांच्या भेगांत उभ्या गोठलेल्या लाव्ह्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हापासून हा वाक चर्चेत आहे. प्रारंभी त्याची कल्पना एका साध्या वळणाची होती : भूमीचा पश्चिम काठ समुद्राच्या बाजूला लवला आणि त्याबरोबर थरही लवले. हूपर यांनी १९९० साली किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या भित्तींच्या आधारे असे दाखविले की, पूर्व-पश्चिम ताणाचा मुख्य काळ लाव्ह्याच्या महापुरानंतरचा आहे, आधीचा नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा बहुतांश भाग ओतला गेला आणि त्यानंतर अल्पावधीतच सेशेल्सची भूमी भारतापासून विलग झाली, हा कालक्रम या मताशी जुळतो.

देसाई आणि बर्ट्रांड यांनी १९९५ साली या वाकाला भ्रंशांनी घडविलेली ताणरचना ठरविले, आणि १९९८ साली हेतू शेठ यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते हा वाक म्हणजे खोलीबरोबर मंद होत जाणाऱ्या, वक्र प्रतलाच्या भ्रंशामुळे उत्पन्न झालेला उलटा लव होय. याची भूमिती समजून घेण्यासारखी आहे. वक्र भ्रंशावरून वरचा खंड घसरला की त्याच्या आणि भ्रंशाच्या दरम्यान पोकळी पडू पाहते. ती भरून काढण्यासाठी खंडातील थर भ्रंशाच्याच दिशेने लवतात. तेव्हा थर पश्चिमेकडे झुकलेले असतील, तर त्यांना झुकविणारा भ्रंश पूर्वेकडे, म्हणजे समुद्राकडे नव्हे तर भूमीकडे उतरत गेलेला असला पाहिजे. सह्याद्रीच्या पश्चिमेस सारे काही समुद्राच्या दिशेने खचले, या रूढ समजुतीला ही उपपत्ती मुळापासून धक्का देते. आणि भ्रंश खोलीत आडवा होत जातो हे गृहीत धरल्यामुळे, अमेरिकन वाळवंटातील वाद थेट आमच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचतो.

या उपपत्तीची पारख प्रत्यक्ष खडकात झाली ती घारापुरी बेटावर. ज्या बेटावरील लेण्यांचे शिल्प सारे जग पाहावयास येते, त्याच बेटावर सामंत, शेठ आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली एका भ्रंशपट्ट्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेथे दोन मोठे भ्रंश पूर्व-आग्नेयेकडे तीव्र उताराने उतरतात आणि त्यांच्या पूर्वेकडील बाजू खाली गेलेल्या आहेत. भ्रंशप्रतलांवरील घासल्याचे ओरखडे दाखवितात की हालचाल सरळ उताराने न होता तिरकस झाली. अलिबाग-उरण, न्हावा-शेवा आणि बेलपाडा येथील भ्रंशांशी त्यांची सांगड घातली असता पूर्वेकडे पायरी पायरीने उतरत गेलेली रचना दृष्टीस पडते. दिशेचा मुद्दा येथे सिद्ध झाला : ज्ञात भ्रंश भूमीकडे उतरतात. नतीचा मुद्दा मात्र सिद्ध झाला नाही, कारण पृष्ठभागी हे भ्रंश मंद उताराचे नसून तीव्र उताराचे आहेत.

याच अभ्यासाने आणखी एक कूट पुढे ठेवले. भूमी ताणली गेली तर तिचे कवच पातळ व्हावयास हवे. परंतु भूकंपलहरींच्या आधारे या प्रदेशातील कवचाची जाडी ४१.३ किलोमीटरपर्यंत, म्हणजे सामान्य भूखंडाइतकी भरते. पृष्ठभागावर ताणाच्या खुणा आणि खाली न ताणलेले कवच, हा विरोध कसा सुटावा? येथे अभ्यासकांनी असमान सरकण्याची कल्पना सुचविली, तीच जी वेर्निके यांनी वाळवंटाच्या निरीक्षणातून मांडली होती : एक तिरकस प्रतल भूखंडाला आरपार छेदून जाते, वरचा भाग एका जागी तुटतो आणि खालचा भाग दुसऱ्याच जागी पातळ होतो. ही कल्पना दोन स्वतंत्र निरीक्षणांना एकाच वेळी न्याय देते, हे तिचे बळ आहे. पण ते प्रतल स्वतः कोणी पाहिलेले नाही, हा तिचा उणेपणाही तितकाच खरा आहे.

काही जण या संदर्भात वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, तुरळ, राजापूर अशा कोकणातील उष्ण झऱ्यांच्या रांगेचा दाखला देतात. ही रांग किनाऱ्याला समांतर आहे यात संशय नाही, आणि पाणी खोल भेगांतून तापून वर येते हेही उघड आहे. परंतु झऱ्यांची रांग भेगांची दिशा सांगते. त्या भेगा खाली कोणत्या कोनात उतरतात याविषयी ती मूक आहे. आधाराला धरलेला पुरावा आणि निर्णायक पुरावा यांतील भेद येथे विसरून चालत नाही.

खोलीतील खडकाला प्रत्यक्ष विचारण्याचा आमच्या भागातील सर्वांत मोठा प्रयत्न कोयनेत झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ परिमाणाच्या भूकंपानंतर त्या खोऱ्यात भूकंपांची मालिका आजवर चालू आहे, आणि तिचा उलगडा करण्यासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाड येथे विवर-भूभौतिकी प्रयोगशाळा स्थापून विंधन विवरांचा कार्यक्रम हाती घेतला. रसाटी येथे ९३३ मीटर बेसॉल्ट भेदल्यावर गाळाचा कोणताही थर मध्ये न लागता थेट ग्रॅनाइटी पाया लागला. गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे विवर २०१७ साली पूर्ण झाले. भूकंपांच्या अभ्यासातून निष्पन्न होते ते असे की, कोयनेत हालचाल मुख्यतः बाजूला सरकण्याची आणि वारणेच्या बाजूला ताणाने खचण्याची असून दोन्ही ठिकाणी भ्रंश तीव्र उताराचे आहेत. म्हणजे आज जी हालचाल होत आहे, ती अँडरसन यांच्या गणिताला मान्य असलेल्या भ्रंशांवर होत आहे. प्राचीन ताणाच्या काळी काय घडले याचा निर्णय यावरून होत नाही. तरी एका विवराने शेकडो अनुमानांना शिस्त लावता येते, याचा धडा कोयनेने घालून दिला आहे.

कागलच्या दक्षिणेस मात्र एक असा मामला आहे, की ज्यात आडवे सरकण्याचे प्रतल खडकातच हाताशी येते. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरील आपल्या प्रबंधात ज्यांचे वर्णन केले ते कलादगीचे गाळखडक बागलकोट आणि बदामीच्या परिसरात विस्तीर्ण पसरले असून त्यांचे तुकडे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत आणि सिंधुदुर्गातही बेसॉल्टच्या खालून डोके वर काढतात. त्यांतील खालचा बागलकोट गट घट्ट वळ्यांनी सुरकुतलेला आहे, वरचा बदामी गट जवळजवळ आडवा आहे, आणि सर्वांखालच्या पायाच्या खडकांत बागलकोटच्या वळ्यांना साजेशी विकृती नाही. आवरण सुरकुतले आणि पाया मात्र तसाच राहिला, याचा अर्थ आवरण पायापासून सुटून सरकले असले पाहिजे. मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली याच तर्काने, पाया व आवरण यांतील संरचनांची तुलना करून, असा सिद्धांत मांडला की, गाळाचे थर स्वतःच्या भाराने, पाया आणि गाळ यांच्या विसंगतीच्या प्रतलावरूनच घसरले.

हा निष्कर्ष सेव्हियर वाळवंटाच्या वादावर विलक्षण प्रकाश टाकतो. तेथे दोन्ही पक्ष असे धरून चालले की ती रेषा एक तर विसंगती असेल, नाही तर भ्रंश असेल. कलादगीतील खडक सुचवितात की एकच सीमा आधी विसंगती आणि नंतर घसरणीचे प्रतल अशी दोन्ही असू शकते, कारण कठीण पाया आणि मऊ गाळ यांची सीमा ही खडकातील दुर्बळ जागा असू शकते. अर्थात गाळाचे थर घसरणे आणि संपूर्ण भूकवच तिरकस प्रतलावर सरकणे ही दोन भिन्न प्रमाणांची कार्ये आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याचा पुरावा म्हणून खपवता येणार नाही.

साऱ्याचा ताळा घेऊन निर्णय असा द्यावा लागतो. सह्याद्रीचा आजचा कडा भ्रंशकडा नाही. पनवेलचा वाक भ्रंशांनी घडविला आहे आणि त्यातील ज्ञात भ्रंश भूमीकडे उतरतात, हे खडकात पाहिलेले सत्य आहे. ते भ्रंश खोलीत मंद होत एखाद्या महाप्रतलाला मिळतात, ही समंजस आणि उपयुक्त उपपत्ती आहे, परंतु तिला अद्याप खडकाचा दाखला मिळालेला नाही. कलादगीच्या तळाशी आडवी घसरण झाली, याचा पुरावा सर्वांत सबळ आहे, कारण तो उघड्या खडकांच्या तुलनेवर उभा आहे.

हा वाद मिटवावयाचा असेल तर किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत कोकणाला आडवे छेदणारे खोल परावर्तन सर्वेक्षण आणि पनवेलच्या वाकात एक तरी खोल विवर, ज्यातून भ्रंशाचा अखंड गाभा बाहेर काढता येईल, यांची निकड आहे. कोयनेसाठी उभारलेली सामग्री आणि अनुभव जवळ असताना हे काम अशक्य नाही. तोवर कोल्हापूर आणि कोकणातील महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांनी रस्त्यांच्या रुंदीकरणात आणि दगडाच्या खाणींत उघडा पडणारा प्रत्येक भ्रंश, तो पुन्हा झाकला जाण्यापूर्वी, दिशा, नती आणि ओरखड्यांसह नोंदवून ठेवावा. मोजून ठेवलेली एक नती पुढच्या पिढीला शंभर कल्पनांहून अधिक उपयोगी पडेल.